साहेब चांगले वागतात म्हणून राजीनामा?

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली. डावा पाय लहानपणापासून अधू, कॅलिपर लावून चालते. भुसावळला मामाकडे राहते आणि जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सच्या कामाला अपडाउन करते. तिथल्या साहेबांनी तिचं टेबल वरच्या मजल्यावरून खाली आणलं. साडेनऊऐवजी दहाची वेळ दिली, कारण गाडीतून उतरल्यावर गर्दी ओसरेपर्यंत ती पुलाच्या जिन्यापाशी थांबते. आम्हाला हे बरं वाटत नाही. लोकांच्या दयेवर किती दिवस काढणार? उद्या साहेब बदलले तर? नोकरी सोड, घरी राहून दिव्यांग कोट्यातून तलाठी किंवा बँकेची तयारी कर, असं सांगतो, तर ऐकत नाही. रविवारी घरी आली तरी ऑफिसच्याच गोष्टी. तिला कसं समजवावं?

उत्तर : भाऊ, तिला काही समजवू नका. समजून घ्यायचं आहे ते तुम्हाला, आणि मी जरा स्पष्टच बोलणार आहे.

मुलीशी ऑफिसात कुणी वाईट वागतं, पगार बुडवतात, टोमणे मारतात, अशी पत्रं माझ्याकडे येतात. तुमची तक्रार मात्र साहेब चांगले वागतात अशी आहे! तेवढ्यासाठी तुम्ही पोरीला हातातली नोकरी सोडायला लावताय. रविवारी जेवताना ती ऑफिसच्या गोष्टी सांगते, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. मला तर अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात आनंदाचं वाटलं. काम आवडत नाही तो माणूस सुट्टीच्या दिवशी कामाचं नावही काढत नाही. ती काय सांगत असते, ते मात्र पत्रात कुठेच नाही. कधी नीट ऐकलंत का?

तुमची काळजी खोटी नाही. आपल्यामागे हिचं कसं होईल, हा विचार तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. पण त्या काळजीपोटी तुम्ही तिला कमावत्या मुलीची पुन्हा सांभाळावी लागणारी मुलगी करायला निघालात. घरी बसवून तीन-चार वर्षं तयारी, मग निकाल नाही, मग "जाऊ दे, घरीच राहा". या वाटेने गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून जीव तुटतो.

आता त्या 'दये'बद्दल. खाली टेबल देणं ही दया नाही. जिना हीसुद्धा एक सोयच आहे, पाय धड असणाऱ्यांसाठी केलेली. त्या सोयीबद्दल कुणी साहेबांचे उपकार मानत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये याचा स्पष्ट विचार झाला आहे. दिव्यांग माणसाला काम करता यावं म्हणून लागणारी वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं त्या कायद्याच्या व्याख्येत आहे. खाजगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांच्या भरतीवर आणि सोयींवर लक्ष ठेवायला संपर्क अधिकारी नेमावा लागतो. आणखी एक. ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना बंधनकारक आहे, खाजगी कारखान्याला नाही. म्हणजे तुमच्या मुलीला घेण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. तिचं काम बघून घेतलं, आणि काम नीट व्हावं म्हणून टेबल खाली आणलं. यात तिने मान खाली घालावी असं काय आहे?

साहेब बदलले तर, ही शंका मात्र रास्त आहे. त्यावर राजीनामा हा उपाय नव्हे, कागद हा उपाय. बसण्याची जागा आणि दहाची वेळ तिने एचआरला ईमेल करून लेखी मंजूर करून घ्यावी. कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत मागावी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा. पुढेमागे कुणी सोय काढून घेतलीच, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते.

सरकारी खात्यात कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही, असंही तुम्हाला वाटत असणार. प्रांजल पाटील यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचं मूळ आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं. दृष्टी पूर्ण गेलेली असताना त्या २०१६ मध्ये यूपीएससी पास झाल्या, रेल्वेच्या सेवेसाठी निवड झाली, आणि दिसत नाही म्हणून रेल्वेने घेतलं नाही. पुढच्याच परीक्षेत त्यांनी देशात १२४ वा क्रमांक काढला आणि त्या आयएएस झाल्या. हे परीक्षेला नाही म्हणायला सांगत नाहीये. भांडावं लागतं ते सरकारी दारातही लागतं, एवढंच.

परीक्षा द्यायच्याच असतील तर नोकरी करता करता द्याव्यात. आरक्षणातला १ टक्का अस्थिव्यंगासारख्या शारीरिक दिव्यांगांसाठी असतो, वयातही सवलत मिळते. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प दिव्यांग मुलांची स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेतो, तिथे तिने स्वतः जाऊन चौकशी करावी. पण हे तिला हवं असेल तर. मला विचाराल तर बी.कॉम. आणि अकाउंट्सचा अनुभव हातात असताना जीएसटी, टॅली पक्कं करून सीएमए इंटरची, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेची, चौकशी करणं तिला जास्त उपयोगाचं ठरेल.

आणि तलाठ्याचंच मनात असेल, तर पुढची जाहिरात आली की त्या पदासाठी अस्थिव्यंगातले कोणते प्रकार पात्र धरलेत, तो रकाना तिला आधी वाचायला सांगा. तलाठ्याला पंचनाम्यासाठी बांधाबांधाने फिरावं लागतं, हे केळीवाल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. फॉर्म भरायचा की नाही, ते ती ठरवेल.