सॅन होजेला येताय, तर जामिनाचं एवढं माहीत असू द्या

ऑगस्टमध्ये एच-वन-बी व्हिसावर सॅन होजेला येताय आणि विचारलंत की, तिथे आपल्यापैकी कुणाला पोलिसांनी धरलं तर सोडवायचं कसं, आणि परवानाधारक बेल एजंट, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहणारा, ओळखायचा कसा. निघण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. मला हे रात्री दीड वाजता, एका मित्राच्या बायकोचा रडत फोन आला तेव्हा शिकावं लागलं.

आपल्याकडे जामीनदार म्हणजे सातबारा घेऊन कोर्टात उभे राहणारे काका-मामा. इथे पैसे घेऊन जामीन राहणं हा उघड, परवान्याचा धंदा आहे. अमेरिका आणि फिलिपिन्स सोडले तर जगात तो जवळपास कुठेच नाही.

मित्राच्या घरी भांडण झालं, आवाज चढले, शेजाऱ्याने पोलीस बोलावले. बायको "तक्रार नाही" म्हणत राहिली, तरी त्याला नेलं. इथे तो निर्णय तिच्या हातात नसतो. जामीन ठरला ५०,००० डॉलर. ही सगळी रक्कम कोर्टात भरली आणि प्रत्येक तारखेला हजर राहिलं, तर खटला संपल्यावर ती परत मिळते. पण एवढी रोकड कुणाकडे असते? म्हणून एजंट. तो सहसा १० टक्के घेतो, म्हणजे ५,००० डॉलर, आणि विमा कंपनीच्या पाठबळावर कोर्टाला पूर्ण रकमेची हमी देतो. हे ५,००० म्हणजे त्याची फी. मित्रावरचा खटला पुढे चाललाच नाही, तरी त्यातला एक डॉलर परत आला नाही.

सही मी केली होती. त्या कागदाचा खरा अर्थ असा की, तो पळाला असता तर ५०,००० माझ्याकडून वसूल झाले असते. म्हणून अशी सही फक्त अगदी जवळच्या माणसासाठीच करा, आणि घर किंवा गाडी तारण लिहून देताय का, ते आधी वाचा.

एजंट शोधताना गुगलवर पहिली जी जाहिरात दिसेल तिला फोन लावू नका. कॅलिफोर्नियात बेल एजंटना परवाना राज्याचं विमा खातं देतं. त्यांच्या संकेतस्थळावर नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की परवाना चालू आहे का ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. तुरुंगात जाऊन गिऱ्हाईक गाठायला एजंटला मनाई आहे. "अमुकच वकील करा" असंही तो सांगू शकत नाही. कुणी असं करत असेल तर तिथून निघा. पावती आणि कराराची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. खासगी वकील केलेला असेल तर काही एजंट ८ टक्केही घेतात, विचारून बघा.

पण आधी वकिलाला फोन करा, हे मी कळकळीने सांगतो. पुष्कळदा न्यायाधीश माणसाला नुसत्या जातमुचलक्यावर सोडतात, मग एजंटचे पैसे वाचतात. अडचण शनिवार-रविवारची. कोर्टात ४८ तासांत उभं करायचं असतं, पण त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. शुक्रवारी रात्री अटक झाली तर मंगळवारही उजाडू शकतो. नोकरीचा विचार करून आम्ही तोवर थांबलो नाही, एजंटच केला.

सुटल्यावरही मित्राला घरी जाता आलं नाही, कारण बायकोपासून लांब राहण्याचा आदेश होता. तो आमच्या हॉलमध्ये राहिला. तेव्हा अशा वेळी राहायला जागाही लागते, हे लक्षात ठेवा.

अटकेनंतर मोबाइल काढून घेतात. स्थानिक तीन फोन फुकट करता येतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनीच दोन नंबर तोंडपाठ करा. तुरुंगातल्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, ज्यावरून अटक झाली त्या प्रकाराबद्दल त्या फोनवर अवाक्षर काढू नका. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा, असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे, पण ते तुम्हीच मागावं लागतं. आणि व्हिसासाठी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं. इलिनॉयमध्ये सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद आहे. केंटकी, ओरेगॉन, विस्कॉन्सिनमध्ये असे एजंट चालत नाहीत. पुढे बदली झाली तर तिथले नियम नव्याने बघा.