वाचकांचे प्रश्न : द्रुत सुरू होताच आवाज का फाटतो?

प्रश्न : माझ्या काकांनी परदेशातून आणलेला टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ टर्नटेबल कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. यंदा तो खाली काढला आणि त्याला ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई ही नवी कार्ट्रिज (सुई धरणारा डबा) बसवली. विलंबित ख्याल सुरेख ऐकू येतो. परंतु तबकडीच्या बाजूच्या अखेरीस द्रुत सुरू झाला की ताना फाटतात आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे खरखरतात. दुरुस्ती करणाऱ्याने सुईचे वजन साडेतीन ग्रॅमपर्यंत वाढवायला सांगितले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कृपया तसे करू नये. आपल्या कार्ट्रिजसाठी उत्पादकाने १.८ ते २.२ ग्रॅम हा दाब सांगितला असून २ ग्रॅम हे त्यातले योग्य मूल्य आहे. टेक्निक्सच्या काउंटरवेटवरील, म्हणजे आर्मच्या मागच्या फिरत्या वजनावरील, आकड्यांची कडीही २.५ ग्रॅमपर्यंतच आकडे दाखवते. साडेतीन ग्रॅमांनी सुईची दांडी दबून बसेल, चरांच्या, म्हणजे तबकडीवर कोरलेल्या बारीक खाचांच्या, भिंती अकारण झिजतील आणि मूळ दोष मात्र जागच्या जागी राहील. तबकडी जपण्याच्या हेतूने दाब दीड ग्रॅमवर आणणेही तितकेच चुकीचे आहे, कारण हलकी सुई चरात उड्या मारते आणि त्या उड्यांनी होणारी इजा कायमची असते.

आवाज नेमका द्रुतातच फाटतो, यातच दोषाचे उत्तर आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकतो, तर लेबलाजवळ तो जेमतेम २१ सेंटिमीटर उरतो. तोच सूर निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो. त्यात तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत सरकते, पण आपला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, एका बिंदूभोवती फिरतो. म्हणून सुई चराशी अचूक स्पर्शरेषेत येते ती फक्त दोन ठिकाणी; इतरत्र थोडा कोन चुकतोच, आणि आतल्या दाट चरांत ती चूक सर्वांत जास्त ऐकू येते. पाश्चात्त्य सुगम संगीताच्या एलपीवर शेवटचे गाणे पुष्कळदा संथ ठेवलेले असते. आपल्या ख्यालाच्या तबकडीवर मात्र नेमकी तिथेच लय चढलेली असते आणि तानांची बरसात चाललेली असते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने कार्ट्रिजच्या कोनाकडे इतरांपेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आपण कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या पुढच्या सुट्या तुकड्यात, बहुधा डोळ्यांच्या अंदाजाने बसवली असावी. टेक्निक्सच्या या आर्ममध्ये सुईचे टोक मधल्या खिळ्याच्या पलीकडे १५ मिलिमीटर गेले पाहिजे. सोपे माप असे : हेडशेल आर्ममधून काढावे आणि त्याच्या मागच्या टोकाच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर येईल, अशा रीतीने दोन्ही स्क्रू सैल करून कार्ट्रिज मागेपुढे सरकवावी. एक-दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा इथे महत्त्वाचा असतो. मग वरून नीट पाहावे. कार्ट्रिजचा डबा सरळ दिसतो की नाही यापेक्षा खालची बारीक दांडी, म्हणजे कॅन्टिलिव्हर, हेडशेलच्या कडेला समांतर आहे की नाही हे महत्त्वाचे आहे. डबा सरळ असूनही दांडी किंचित तिरकी असू शकते. स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, नाहीतर शेवटच्या पिळाबरोबर कार्ट्रिज वळते. स्क्रू सैल करताना आणि आवळताना सुईचे संरक्षक टोपण लावलेले असू द्यावे.

छापील प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन जुळवण्याची पट्टी, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. सुईचा कोन अचूक जुळतो त्या दोन ठिकाणांना शून्यबिंदू म्हणतात; ते कुठे ठेवायचे याच्या दोन मांडण्या प्रचलित आहेत. बेअरवॉल्ड मांडणीचे दोन शून्यबिंदू तबकडीच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, तर स्टीव्हन्सन मांडणीचे ६०.३ आणि ११७.४ वर. बाजारात मिळणारे बहुतेक प्रोट्रॅक्टर पहिल्या प्रकारचे असतात. बेअरवॉल्डमध्ये संपूर्ण तबकडीवरची चूक सरासरीने कमी राहते, स्टीव्हन्सनमध्ये अखेरचे चर अधिक स्वच्छ वाजतात. टेक्निक्सचे मूळ माप या दुसऱ्या मांडणीच्या जवळचे आहे. आपल्या संग्रहात ख्यालाच्याच तबकड्या अधिक असतील, तर उत्पादकाचे ५२ मिलिमीटरचे माप सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

यानंतरच वजनाकडे वळावे. टर्नटेबल पातळीत ठेवावा, अँटी-स्केटिंग (आर्मची आतली ओढ रोखणारी कळ; तिच्याविषयी शेवटी) शून्यावर आणावे, टोपण काढावे आणि आर्म आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट फिरवावे. मग मागचे वजन न हलवता केवळ आकड्यांची कडी शून्यावर आणावी आणि त्यानंतर दोन्ही मिळून २ पर्यंत फिरवावे. खात्रीसाठी सराफी पद्धतीचा लहान डिजिटल काटा उपयोगी पडतो, मात्र त्याचे ताट लोखंडी नसावे. कार्ट्रिजमधला चुंबक ते ओढतो आणि काटा भलताच आकडा दाखवतो. ताटाची उंचीही शक्यतो तबकडीच्या उंचीइतकीच असावी.

आर्मच्या उंचीवरून हौशी मंडळी फार वाद घालतात. या आर्मची प्रभावी लांबी, म्हणजे फिरण्याच्या बिंदूपासून सुईच्या टोकापर्यंतचे अंतर, २३० मिलिमीटर आहे. म्हणजे मागची बाजू तब्बल ४ मिलिमीटर उचलली तरी कोन अवघा एक अंशाने बदलतो. सुई चरात असताना आर्मची नळी तबकडीला समांतर दिसली की पुरे. उंचीची कडी फिरवण्याआधी तिची कळ सोडायला मात्र विसरू नये.

शेवटी अँटी-स्केटिंग. हेडशेल वाकडे बसवलेले असल्याने घर्षणामुळे आर्म सतत आत, लेबलाकडे ओढला जातो. त्यामुळे सुई चराच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या वाहिनीवर, अधिक रेलते आणि उजव्या वाहिनीची भिंत सुटते. आरंभी हा आकडा वजनाइतकाच, २ वर ठेवावा. तरीही आवाज उजव्या स्पीकरमध्ये आधी फाटत असेल तर तो किंचित वाढवावा. डाव्यात फाटत असेल तर कमी करावा. कोऱ्या, चर नसलेल्या तबकडीवर सुई ठेवून केलेली परीक्षा फसवी असते, कारण तिथले घर्षण चरातल्या घर्षणाहून वेगळे असते.

एवढे करूनही एखादी तबकडी फाटतच राहिली, तर न झिजलेली दुसरी तबकडी लावून पाहावी. ती स्वच्छ वाजली, तर पहिलीचे चर पूर्वीच्या एखाद्या बोथट सुईने खरवडलेले आहेत आणि त्यावर कोणत्याही जुळणीचा इलाज नाही.

प्रश्न : जुन्या बाजारात टर्नटेबल घ्यायचा आहे. तिथे वीज नसताना टोनआर्म कसा तपासावा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आर्म तपासायला वीज लागत नाही. तो तरंगता करून हलकी फुंकर मारावी. तो कुठेही न अडता सरकला पाहिजे. मग हेडशेल दोन बोटांत धरून हलकेच मागेपुढे हलवावे. सांध्यात खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहे. तिथले स्क्रू जागेवरच आवळून दाखवणाऱ्या विक्रेत्याला थांबवावे, कारण जास्त आवळल्यास आतली टोके खराब होतात. काउंटरवेट जागेवर आहे ना, हे अवश्य पाहावे; दुसऱ्या यंत्राचे वजन बहुधा लागू पडत नाही.

प्रश्न : याच सुईवर आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या लावता येतील का?
— एक वाचक, औंध

उत्तर : लावू नयेत. ७८ चा चर पुष्कळ रुंद असतो; त्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते, तर एलपीची गोल सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. ती चराच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी खरखर उचलते. कार्ट्रिजला ७८ ची वेगळी सुई मिळत असेल तर ती घ्यावी आणि दाब तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे नव्याने लावावा. एसएल-१२०० एमके-२ मध्ये ७८ ची गतीच नाही, त्यामुळे त्या तबकड्यांसाठी दुसरे यंत्र पाहावे लागेल.