१९१८चा रंगीत रुपया ४८ हजारांना घ्यावा का?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, नोकरी करते. यंदा ६० हजार बोनस मिळाला. ओळखीतल्या एका विक्रेत्याने पंचम जॉर्जचा १९१८चा चांदीचा रुपया दाखवला. त्यावर सोनेरी-जांभळी-निळी झाक आहे. नाणं एका वाड्यातल्या देवघरातलं, शंभर वर्षं लक्ष्मीपूजनात पुजलेलं, असं तो सांगतो. किंमत ४८ हजार. पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणतो. अडीनडीसाठी माझ्याकडे दोन महिन्यांचा खर्च आहे. घेऊ का?

उत्तर : ताई, या किमतीला घेऊ नका. कारण सांगायला देवघरापासूनच सुरुवात करते.

आपल्याकडे पूजेतला रुपया दर दिवाळीला घासतात. चिंच, राख, नाहीतर दंतमंजन. माझ्या आजीचे राणीछाप रुपये घासून घासून इतके गुळगुळीत झाले होते की राणीचा चेहरा बोटाला लागत नसे. तुम्ही पाहिलेली झाक मात्र नाणं वर्षानुवर्षं न हलवता, बहुधा कागदी पाकिटात किंवा अल्बममध्ये पडून राहिलं की येते. कागदातलं आणि हवेतलं गंधक चांदीला धरतं, सिल्व्हर सल्फाइडचा अगदी पातळ थर बसतो. तो वाढेल तसा आधी फिकट सोनेरी, मग किरमिजी, मग निळा दिसतो. घासलेलं नाणंही पुन्हा रंग धरतं, पण रंगाखाली घासल्याच्या बारीक रेघा राहतात आणि जाणकार संग्राहक त्याला भाव देत नाहीत. म्हणजे देवघराची गोष्ट खरी असेल तर नाणं घासलेलं आहे, आणि नाणं न घासलेलं असेल तर गोष्ट खोटी आहे.

तिसरी शक्यता, रंग मुद्दाम आणलेला. उष्णता देऊन किंवा गंधकाची रसायनं लावून हे थोड्या वेळात होतं. एका दिव्याखाली नाणं तिरपं करून फिरवा. कोऱ्या नाण्यावरची चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते आणि ती रंगाखालूनही दिसायला हवी. रंग क्रम सोडून ठिपक्याठिपक्यांनी आला असेल, किंवा झिजलेल्या उंचवट्यांवरच भडक असेल, तर सावध व्हा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये रंग सुटला तर तो वरून चढवलेला. न सुटला म्हणून नैसर्गिक ठरत नाही. रसायनाने आणलेला सल्फाइडही तसाच टिकतो.

नाण्याचा खरेपणा तपासणं त्या मानाने सोपं. वजन ११.६६ ग्रॅम, व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर, चांदी ९१.७ टक्के. नौपाड्यातल्या एखाद्या सराफाकडे काटा आणि कॅरेटोमीटर (धातूची शुद्धता मोजणारं यंत्र) बहुधा असतो. काठावर जोडाची रेघ दिसली तर ओतीव नक्कल समजा. चांगल्या चांदीची नक्कलही या चाचणीतून पार होते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. नाणं सीलबंद ग्रेडिंगच्या डबीत (नाण्याचा खरेपणा आणि दर्जा तपासून देणाऱ्या कंपनीच्या) असेल तर डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जुळवा. डब्याही बनावट मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९१८चा रुपया दुर्मीळ नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपये पाडायला चांदीची इतकी टंचाई झाली की त्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले २५ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानासाठी विकली. १९१८ सालचे रुपये मुंबई आणि कलकत्ता, दोन्ही टांकसाळींनी प्रत्येकी २० कोटींहून जास्त पाडले. (मागच्या बाजूच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर मुंबईचा.) एका रुपयात शुद्ध चांदी १०.७ ग्रॅम. किलोचा भाव दोन लाख धरला तर ती सुमारे २,१४० रुपयांची होते. उरलेले जवळपास ४६ हजार तुम्ही फक्त रंगाचे देताय.

तो रंग उद्या कोण विकत घेणार? शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं, खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. गिऱ्हाईक इथलंच शोधायचं. समजा पाच वर्षांत खरंच ९६ हजार झाले आणि विकताना दलालीत, घासाघिशीत २० टक्के गेले, तर हाती ७६,८०० येतील. म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांहून थोडं कमी, तेही सगळं त्याच्या म्हणण्यासारखं घडलं तर. विक्रेत्याला एकच विचारा: ‘हेच नाणं पुढच्या महिन्यात परत आणलं तर किती द्याल? लिहून द्या.’

बोनसमधले ५५ हजार अडीनडीच्या पैशात टाका. तुमचे दोन महिने मला फार कमी वाटतात. नोकरी गेली तर ठाण्यातला खर्च थांबत नाही. उरलेल्या पाच हजारांत चांदीच्या भावाच्या आसपास एक साधा, न घासलेला १९१८चा रुपया घ्या, पक्की पावती घेऊन. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकटा धरतो. आणि यंदा दिवाळीला तो चिंचेपासून लांब ठेवा.