स्टाफ नाही, बिल्डिंग जुनी आहे: जेलच्या या उत्तरावर काय करायचं?

एका ताईंचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगते. ताई अटलांटाजवळ राहतात, धाकटा भाऊ जॉर्जियातच एफ-वन व्हिसावर एमएस करतोय. रूममेटशी मारामारी झाली, अ‍ॅग्रव्हेटेड असॉल्टचा चार्ज लागला, मॅजिस्ट्रेटने बेल नाकारली आणि आज ६७ दिवस झाले तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जेलमध्ये आहे. सेलमधला कमोड गळतो, घाण पाणी फरशीवर साचतं, दोघांच्या सेलमध्ये तिघं कोंबलेत म्हणून हा खाली प्लॅस्टिकच्या बेडवर झोपतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याच पाण्यात घसरला आणि पायाला कापलं, आता जखम चिघळलीय. सिक कॉलला, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या यादीत, तीनदा नाव दिलं पण मेडिकलला घेऊन जायला ऑफिसर नाही म्हणून नेलंच नाही. दिवसातले २३ तास लॉकडाउन. काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, स्टाफ नाही, बिल्डिंग जुनी आहे. ताईंना जेलवर केस करायचीय, आणि गावाकडे वडील म्हणतात पोरगं आत आहे तोवर गप्प बसा.

ताई, केसचं नंतर बोलू, आधी पाय. आज दुपारपर्यंत जेलच्या मेडिकल युनिटला फोन करा, जेल चालवणाऱ्या शेरीफच्या ऑफिसलाही करा, आणि लगेच तेच सगळं ईमेलने लिहून पाठवा: नाव, बुकिंग नंबर, जखम कधी झाली, पू येतोय का, ताप आहे का, शुगर किंवा दुसरा काही आजार आहे का. प्रायव्हसीचं कारण देऊन ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, पण तुमची माहिती घ्यायला त्यांना कोणीच अडवलेलं नाही, आणि एकदा ती लेखी त्यांच्याकडे पोचली की "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय संपते. तेवढ्यासाठीच लिहायचं. तोच ईमेल त्याच्या पब्लिक डिफेंडरला, म्हणजे सरकारने दिलेल्या वकिलालाही पाठवा, म्हणजे तो जजसमोर इमर्जन्सी मोशन टाकू शकेल.

दुसरं, बेल. जॉर्जियाचा कायदा असा आहे की बेल नाकारलेल्या माणसाचा चार्ज ९० दिवसांच्या आत ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, जायला हवा, नाही गेला तर अर्ज केल्यावर कोर्टाला बेल ठरवावीच लागते. तुमच्या भावाचे २३ दिवस उरलेत. पण ते मोजत बसू नका, मॅजिस्ट्रेट नाही म्हणाला तरी वरच्या सुपीरिअर कोर्टात बॉन्ड हिअरिंग, म्हणजे बेलची सुनावणी, मागता येतं. जज बघतो की हा पळून जाईल का, कुणाला धोका आहे का, साक्षीदारांना दमदाटी करेल का. म्हणून हिअरिंगला रिकाम्या हाताने जाऊ नका, युनिव्हर्सिटीचं पत्र, पासपोर्ट जमा करायची तयारी, आणि तो रूममेटच्या घरी न जाता तुमच्याकडे राहील असं तुमचं लेखी, हे सगळं घेऊन जा. जखमेचे कागदही जोडा, जजला कळू दे की हा आत कसा राहतोय.

पण बेलचे पैसे भरायच्या आधी एक फोन इमिग्रेशन वकिलाला, हे विसरू नका. २०२४ पासून जॉर्जियात शेरीफ लोकांवर आयसीईला, म्हणजे परदेशी लोकांना पकडून परत पाठवणाऱ्या फेडरल खात्याला, सहकार्य करायचं कायद्याने बंधन आहे, आणि आयसीईचा डिटेनर, म्हणजे याला सोडू नका, आमच्याकडे द्या अशी नोटीस, लागलेला असेल तर बॉन्ड भरल्या भरल्या मुलगा तुमच्या गाडीत न बसता थेट त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो. डिटेनर आहे का ते पब्लिक डिफेंडरला विचारायला लावा. आणि घाईत गुन्हा कबूल करून मोकळं व्हायचा विचार अजिबात नको. २०१० मध्ये पडिला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्ली करण्याआधी, म्हणजे गुन्हा कबूल करण्याआधी, डिपोर्टेशनचा धोका समजावून सांगणं हे क्रिमिनल वकिलाचं कामच आहे, ते त्याच्याकडून करून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्टाफ नाही हे कारण चालतं का. माणसं खरंच नाहीत ताई, ते खोटं बोलत नाहीयेत. मागच्या वर्षी एका जेलमध्ये क्लायंटला भेटायला गेले तर तीन तास बाहेर बसले, कारण त्याला खाली आणायला कोणी नव्हतं, आणि शेवटी जो ऑफिसर आला तो आदल्या संध्याकाळपासून ड्युटीवर होता, डोळे लाल, मला सॉरी म्हणाला आणि दाराचं कुलूप अडकतं म्हणून खांद्याने ढकलून दार उघडलं. अशी नोकरी सोडून गोडाऊनमध्ये जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण बजेट कमी, माणसं कमी हे काउंटीचं दुखणं आहे, त्याची किंमत कोठडीतल्या माणसाने का मोजायची? त्यात तुमचा भाऊ तर दोषीही ठरलेला नाही, आणि अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे खटला व्हायच्या आधी कुणाला शिक्षा म्हणून वागवता येत नाही.

याच बाबतीतला एक निकाल तुमच्या कामाचा आहे. शेजारच्या अलाबामातल्या बटलर काउंटीच्या जेलबद्दल तक्रार होती की सेलची कुलपं चालत नाहीत, पहाऱ्याला पुरेशी माणसं नाहीत आणि कैदी मोडकळीला आलेल्या बिल्डिंगचेच तुकडे काढून हत्यारं बनवतात. दोघांना आत बेदम मारहाण झाली. २००१ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे या भागातल्या फेडरल अपील कोर्टाच्या, पूर्ण बेंचने ठरवलं की जेलची इमारत धड ठेवणं ही काउंटीची जबाबदारी आहे आणि धोका माहीत असून दुरुस्ती केली नाही तर तिच्यावर केस चालू शकते. जॉर्जिया त्याच सर्किटमध्ये येतं. आणि हे काही जुन्या काळातलंच नाही बरं का. अटलांटाच्या फुल्टन काउंटी जेलमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये किरकोळ गुन्ह्यासाठी धरलेला ३५ वर्षांचा एक माणूस मानसिक रुग्णांच्या विंगमध्ये ढेकणांनी भरलेल्या सेलमध्ये मेला, काउंटीने कुटुंबाला ४० लाख डॉलर दिले, जुलै २०२३ मध्ये फेडरल जस्टिस डिपार्टमेंटने चौकशी सुरू केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये रिपोर्ट आला. त्या सेलचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांच्या डोळ्यासमोरून जात नाहीत, माझ्याही नाही.

इथे एक गुंता आहे. जेल चालवतो शेरीफ, पण बिल्डिंगचा आणि बजेटचा पैसा काउंटी कमिशनकडे, त्यामुळे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. वर शेरीफचं ऑफिस बऱ्याच बाबतीत स्टेटचा भाग धरलं जातं, म्हणजे त्याला इम्युनिटी, केसपासून संरक्षण, मिळते. म्हणून माणसं कमी होती हा मुद्दा एकटा कोर्टात लंगडा पडतो, पण गळका पाइप आणि न मिळालेला उपचार हे दोन मुद्दे काउंटीच्या दारात नेऊन ठेवता येतात, कारण कैद्याला औषधपाणी पुरवणं ही जॉर्जियाच्या कायद्याने ज्याच्या ताब्यात तो आहे त्या सरकारी युनिटची जबाबदारी आहे.

आणि खरं सांगते, नुसता घसरून पडला एवढ्यावर फेडरल केस उभी राहत नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या जेलमध्ये एका डेप्युटीने जिन्यावर उशी विसरली, कैदी तिच्यावरून घसरून पडला, १९८६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं हा निष्काळजीपणा आहे, घटनेचा भंग नाही. तुमच्या भावाची ताकद पडण्याच्या नंतरच्या तीन आठवड्यांत आहे: जखम दिसतेय, तीनदा नाव दिलंय, पाणी तसंच आहे, आणि तरी कोणी हललं नाही.

हे सिद्ध व्हायला कागद लागतो. १९९६ च्या फेडरल कायद्याप्रमाणे आत असताना केस करायची तर आधी जेलची तक्रार प्रक्रिया, म्हणजे ग्रीव्हन्स, शेवटच्या अपीलपर्यंत पूर्ण करावी लागते, नाहीतर मूळ मुद्द्यात न जाताच केस फेटाळली जाऊ शकते. (सुटल्यावर दाखल केलेल्या केसला ही अट सहसा लागत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका.) मुदत इनमेट हँडबुकमध्ये असते आणि ती अगदी कमी दिवसांची असते. पडल्याची मुदत गेली असेलही, पण पाणी आजही साचतंय आणि उपचार आजही नाकारला जातोय, त्यावर आजची तारीख टाकून नवी ग्रीव्हन्स भरता येते. पाणी आणि पाय यांच्या दोन वेगळ्या भरायच्या. टॅब्लेटवर भरली तर नंबर वहीत उतरवायचा, कागदावर असेल तर शब्द न् शब्द पत्रात लिहून तुम्हाला पोस्टाने पाठवायची, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. उत्तर नाही आलं तरी अपील करायचं. फॉर्मच देत नसतील तर कुणी, कधी नाही म्हटलं ते लिहून ठेवायचं, कारण २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय की जी प्रक्रिया प्रत्यक्षात मिळतच नाही ती पूर्ण करायची सक्ती नाही.

बाहेरून तुम्ही दोन पत्रं पाठवा. एक, त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं शेरीफला, कारण ते काही दिवसांनी पुसलं जातं. दुसरं, आपल्या माहिती अधिकारासारख्या ओपन रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली त्या सेल ब्लॉकच्या प्लंबिंगच्या वर्क ऑर्डर आणि ड्युटी रोस्टर मागा. चार महिन्यांपूर्वीची गळतीची वर्क ऑर्डर निघाली आणि ती अजून उघडी असेल तर धोका माहीत होता हे त्यांच्याच कागदावर आलं. काउंटीवरच्या क्लेमची लेखी नोटीस १२ महिन्यांच्या आत द्यावी लागते, फेडरल केसला जॉर्जियात दोन वर्षं आहेत.

बाबांची भीती मला समजते, आपल्याकडची पिढी आहे, पोलिसांच्या तोंडी लागू नका म्हणत वाढलेली. त्यांना सांगा की तक्रार केली म्हणून त्रास देणं हा पहिल्या घटनादुरुस्तीचा वेगळा भंग आहे, आणि ज्याची बहीण दर दोन दिवसांनी लेखी विचारते त्या मुलाला हात लावताना लोक विचार करतात. तक्रार केल्याने व्हिसा जात नाही, व्हिसाचं जे काही होईल ते क्रिमिनल चार्जमुळे होईल. अटलांटातल्या भारतीय कॉन्सुलेटलाही कळवा, ते वकील देणार नाहीत की बेल भरणार नाहीत, पण भेटायला जाऊ शकतात, जेलला पत्र लिहू शकतात, त्यासाठी भावाने स्वतः मी कॉन्सुलेटला भेटू इच्छितो असं जेलला सांगायचं, तो त्याचा हक्क आहे.

आणि फोनवर जपून. जेलचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात, मराठीत बोललं तर कुणाला कळतंय असं समजू नका, भाषांतर करून घेतात आणि कोर्टात वाजवतात. मारामारीत काय झालं, रूममेट काय म्हणाला, यातलं अक्षरही नको, आईला फोनवर घेतलंत तर तिलाही आधी सांगा. आज रात्री त्याचा कॉल आला की तीनच गोष्टी विचारा, ताप आहे का, ग्रीव्हन्स भरली का, तिचा नंबर काय.