सुपाऱ्या निम्म्यावर आल्या तर गोंधळी पार्टी कशी टिकवायची?

तुमचा प्रश्न असा : लातूर भागात आठ जणांची गोंधळी पार्टी आहे, सोयाबीनला भाव नाही, सुपाऱ्या (गोंधळाची ठरवून मिळणारी कामं) घटल्या, आहेत ते यजमानही दर पाडून मागतात. काय करावं?

दर पाडून घेऊ नका, पार्टी लहान करा. आकडेच मांडून बघा. समजा सुपारी १६,००० ची आहे. गाडीभाडं ३,०००, साउंड २,०००. उरलेल्या ११,००० चे नऊ वाटे : आठ माणसांचे आणि एक वाद्यांचा. वाटा १,२२० च्या आसपास बसतो. तोच गोंधळ आठ जणांनी १०,००० त घातला तर वाटा येतो ५५५ वर. रात्रभर जागून तेवढ्यावर माणूस टिकत नाही. त्याच १०,००० त पाच जण गेलात, लहान गाडी १,५०० ची आणि साधा स्पीकर ५०० चा घेतला, तर ८,००० चे सहा वाटे होतात. म्हणजे १,३३० च्या वर.

मुख्य गोंधळी, संबळ, तुणतुणं, झांज आणि सवाल-जवाबाला एक साथीदार, एवढ्यावर गोंधळ उभा राहतो. बाकीचे तिघे पाळीने घ्या आणि पाळी वहीत लिहा. तोंडी ठेवली की भांडण होतं, आणि चांगला संबळवाला दुसऱ्या पार्टीत गेला तर तो सहजी परत मिळत नाही. वाद्यांच्या वाट्याला मात्र कितीही ओढ असली तरी हात लावू नका. संबळाचं चामडं ऐन लग्नसराईत फाटतं.

इसार एक तृतीयांश घ्या, चिठ्ठी करून. तारीख, माणसं किती, गाडी कोणाची, बाकी कधी, एवढं त्यात हवं. सुतक पडलं तर तारीख पुढे जाईल आणि इसार कायम राहील. यजमानाने असंच मोडलं तर इसार परत नाही, हेही लिहा. यात्रेच्या सुपारीवर कमिटीच्या दोघांच्या सह्या घ्या, कारण वर्गणी कमी जमली की बाकी रखडते आणि पुढच्या वर्षी कमिटीच बदललेली असते.

२०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. अशा साली यजमान ‘माल विकल्यावर देतो’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. ओळखीचा असेल तर बाकी ज्वारीत किंवा तुरीत घ्या; भाव त्या दिवशीचा मोंढ्याचा (धान्यबाजाराचा), माप काट्यावर. घरचं धान्य सुटलं तरी मोठा आधार होतो.

पंचांगही बघत चला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे उन्हाळी लग्नसराईचा शेवट कापला जातो आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत चातुर्मास येतो.

या रिकाम्या महिन्यांत दुसऱ्या पार्टीची किंवा तमाशाच्या फडाची उचल (आगाऊ पैसे) घेऊ नका. उचल खाऊन संपते, पण पुढचा हंगाम त्यांच्या दराने बांधला जातो. गटाचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्जही आपल्याला जमत नाही. आपली कमाई आठवड्याने येत नाही. अगदीच अडलं तर बँकेत सोनं तारण ठेवा. वाद्य गहाण टाकू नका, त्याने उरलेली कमाईही थांबते.

पार्टीत पन्नाशी ओलांडलेलं कोणी असेल तर राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेचा अर्ज भरा. दरमहा ५,००० रुपये मिळतात. कलेत किमान १५ वर्षं हवीत आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत. जिल्ह्याला वर्षाला शंभरच जण घेतात, त्यामुळे हे पैसे हाती येईपर्यंत घरखर्चात धरू नका. अर्ज अडतो तो पुराव्यावर. बिनतारखेचे फोटो फारसे कामाला येत नाहीत. यात्रेची छापील पत्रकं, वर्तमानपत्रातली तारखेसह कात्रणं, आकाशवाणीचं पत्र असलं तर ते, आणि वर सांगितलेल्या इसाराच्या चिठ्ठ्या वर्षवार लावून जोडा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच काढा.