जावईबापूंना भागीदार करण्यापूर्वी

प्रश्न : मी भांडुपला राहतो आणि गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. मुलाने हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली असून दोन वर्षांपासून तो अंधेरीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी, म्हणजे कनिष्ठ आचारी आहे. आता त्याला स्वतःचे रेस्टॉरंट काढायचे आहे व मुलुंडला एक गाळाही पाहिला आहे. कॉलेजमधल्या मित्राला भागीदार करू, असे तो म्हणतो. पण मित्राकडे भांडवल नाही. मी मुलाच्या नावाने 15 लाख आणि आमचे जावई 15 लाख घालणार आहोत. घरचा माणूस असला की मुलावर लक्ष राहील. धंदा बुडालाच तर घातलेले पैसे जातील, इतकेच. मित्राला पगारावर ठेवावे का? की मुलाने आधी एमबीए करावे?

उत्तर : आपल्या पत्रात गाळ्याची, भांडवलाची आणि जावयांची माहिती तपशिलाने आली आहे, मुलाला काय वाटते याविषयी मात्र जेमतेम दोन वाक्ये आहेत, आणि त्यातले एक आपण लगेच खोडूनही काढले आहे. मला चिंता वाटते ती याची. एमबीएची सीईटी त्याला पुढेही देता येईल, रेस्टॉरंट काढण्यासाठी त्या पदवीची गरज नाही.

‘मुलावर लक्ष राहील’ हे आपले वाक्य मी दोनदा वाचले. लक्ष ठेवण्यासाठी घेतलेला माणूस भागीदार नसतो, तो पहारेकरी असतो. आणि ज्याच्यावर पहारा आहे त्यानेच पहाटे भाजी आणायची, दुपारी किचन सांभाळायचे आणि रात्री गल्ला मोजायचा, अशी आपली योजना दिसते. शिवाय हा पहारेकरी आपला जावई आहे. उद्या महिन्याचा हिशेब जुळला नाही, तर आपल्या घरात जावयाला जाब विचारणार कोण? आपण विचारणार नाही, मुलाला विचारू देणार नाही, आणि दोघांच्या अबोल्याचा त्रास मुलीला तिच्या संसारात होईल. नात्यातल्या माणसाबरोबर धंदा करूच नये, असे मी म्हणत नाही. मुंबईतील कितीतरी जुनी उपाहारगृहे भावाभावांनी चालवली. पण त्यात प्रत्येक भाऊ स्वतः गल्ल्यावर किंवा भट्टीपाशी उभा असे. आपले जावई नोकरी सोडून तिथे उभे राहणार आहेत, असे पत्रात कुठे दिसत नाही.

आता आपला मोठा गैरसमज. घातलेले पैसे गेले की विषय संपतो, ही गोष्ट साध्या भागीदारीत खरी नाही. 1932च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो, म्हणजे धंद्यातील मालमत्ता पुरली नाही तर ज्याचे पैसे देणे आहे तो त्याच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतो. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एका भागीदाराने फर्मच्या नावाने उधारीवर माल उचलला, तर ती उधारी सगळ्यांची होते. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर भांडवल कमीजास्त असले तरी नफा आणि तोटा समान वाटला जातो, आणि दिवसभर राबणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. आपल्या योजनेत राबणार मुलगा आहे आणि सही केल्यावर बांधला जाणारही तोच आहे. मग कोणाबरोबर बांधून घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच असायला हवा. 2008च्या कायद्याखालील एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, भागीदाराची जबाबदारी मर्यादित राहते, हे खरे. पण बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतली, तर त्या कर्जापुरते ते संरक्षण उरत नाही.

मित्राविषयी आपण अन्याय केला आहे. हातात पैसा नसलेला पण काम येणारा माणूस हाही भागीदार असू शकतो, त्याचा वाटा आणि दरमहाची उचल करारात लिहिता येते. माझी शंका वेगळी आहे. हा मित्रही किचनचाच असेल, तर दोघेही स्वयंपाकी झाले. गल्ला, नोकरमाणसे, महापालिकेचा आरोग्य परवाना, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, अग्निशमन दलाची पूर्तता आणि जीएसटीचे विवरण कोण पाहणार? त्यांना तिसरा माणूस हवाच असेल तर तो या कामाचा हवा.

म्हणून गाळ्याचे टोकन आत्ता देऊ नका. मोठ्या हॉटेलात कॉमीला आपल्या विभागाबाहेरचे फारसे दिसत नाही. मुलाने आणि शक्य झाल्यास मित्राने वर्षभर एखाद्या लहान, मालक स्वतः बसतो अशा रेस्टॉरंटमध्ये काम करावे. खरेदीत किती पैसा अडकतो, आचारी अचानक गावी गेला तर काय होते आणि भाडे थकू नये म्हणून मालक काय काय करतो, हे तिथे कळेल. एकमेकांचा स्वभावही कळेल. जावयांना मदत करायचीच असेल तर त्यांनी ठरलेल्या व्याजाचे, लेखी कर्ज द्यावे. आपल्या 15 लाखांचेही तसेच करा, आणि त्याआधी आपल्या व पत्नीच्या आजारपणाची तरतूद बाजूला काढा.

पुढचे पत्र मात्र चिरंजीवांनी लिहावे. पैसे संपले तर आणखी कोण घालणार, चेकवर सही कोणाची, आणि एकाला सोडून जायचे झाले तर त्याचा हिशेब कसा करायचा, यावर तो आणि मित्र काय ठरवतात ते त्याने कळवावे.