मुद्रा करते, तरी झोप लागत नाही

"बाय, रोज अर्धा तास मुद्रा करते. तरी पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजेपर्यंत जागीच! माझं काय चुकतं?"

फोंड्याजवळच्या एका गावातल्या काकी, वय साठीच्या आतबाहेर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा जहाजावर. समुद्रात रेंज गेली की दोन-दोन दिवस फोन नाही. मुद्रा, म्हणजे बोटं ठरावीक पद्धतीनं जुळवून शांत बसणं, त्या मोबाईलवर बघून शिकल्या होत्या.

मी म्हटलं, "काकी, इथंच करून दाखवा."

त्यांनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, तर्जनीचं टोक अंगठ्याला लावलं, बाकीची तीन बोटं सरळ. ज्ञानमुद्रा, अगदी बिनचूक. पण अंगठ्याचं नख दाबून पांढरं पडलं होतं, खांदे कानांपर्यंत चढले होते आणि श्वास चक्क रोखलेला होता.

"आत्ता मनात काय चाललंय?"

"आता झोप येईल का, एवढंच."

चूक बोटांत नव्हतीच. झोपेची अशी वाट बघत बसलं की ती येत नाही, कारण वाट बघणारं मन जागंच असतं. घड्याळ पाहिलं की "आता चारच तास उरले" हा हिशेब सुरू होतो, छाती धडधडते. मुद्रा म्हणजे झोपेची गोळी नव्हे. भटकणाऱ्या मनाला टेकायला ती एक जागा देते, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे. शरीर शांत करण्याचं काम मुख्यतः श्वास करतो: श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा.

आम्ही पुन्हा केलं. बोटांच्या मध्ये तांदळाचा कच्चा पापड धरलाय, तो मोडता कामा नये, इतकाच स्पर्श. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, कुठंही ओढाताण नाही. पाचव्या-सहाव्या श्वासाला खांदे खाली आले. काकींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मुलाबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. ते बोलणं आतापर्यंत कुणी ऐकून घेतलंच नव्हतं.

घरी करायचं ते साधंच ठरलं. मुद्रा दहा मिनिटं, तीही अंथरुणावर नाही, सोप्यावरच्या (ओसरीवरच्या) खुर्चीत. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. साडेनऊला आडवं व्हायचं नाही, डोळे जड झाल्यावरच जायचं. वीसेक मिनिटं तळमळ झाली तर उठून पुन्हा खुर्चीत, घड्याळ न बघता. रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचंच. पहिला आठवडा याचा त्रास होतो, हेही मी आधीच सांगितलं.

आठवड्यातून तीन रात्री झोपेचे हाल होत असतील आणि असे तीन महिने लोटले असतील, तर मुद्रेवर विसंबून राहू नका, डॉक्टरांना दाखवा. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सतत उदास वाटणं यांसाठी तर तीन महिनेही थांबू नका.

सहा आठवड्यांनी काकी आल्या. बहुतेक रात्री झोप लागते म्हणाल्या. जहाजाला रेंज नसते तेव्हा दोनला जाग येतेच. मग त्या सोप्यावर येऊन बसतात, बोटं जुळवतात. "झोपेसाठी नाही हां बाय," त्या म्हणाल्या, "त्या वेळी बाबूसाठी देवाकडे मागते आणि मग आत जाते."